टेकडी एक, जागेवर आहे

कातळपाड्याच्या बॉक्साइट खाणीचा हिशेबनीस गणराज दरवर्षी मार्चअखेर एका ओळीपुढे सही करायचा. ‘टेकडी, एक. जागेवर आहे.’ कंपनीच्या ताळेबंदात स्थिर मालमत्तेची जी यादी होती, तिच्यातली ही पहिली ओळ. दुसरीत वजनकाटा होता, तिसरीत पोकलेन. वजनकाटा आणि पोकलेन खरोखरच जागेवर होते. टेकडी मात्र केव्हाच डंपरमध्ये बसून दिघी बंदराला गेली होती. तिच्या जागी एवढा खड्डा पडला होता की पावसाळ्यात त्यात बदके उतरायची.

मुंबईच्या ऑफिसाने टेकडी ‘जमीन’ म्हणून लिहिली होती, आणि जमिनीला घसारा लावत नाहीत असे तिथल्या कोणाला तरी पक्के ठाऊक होते. त्यामुळे पोकलेन कागदावर दरवर्षी झिजायचे, गणराजची खुर्चीसुद्धा झिजायची. खणून खणून नाहीशी झालेली टेकडी तेवढी पहिल्या दिवसाच्या किमतीला ताठ उभी होती. गणराजला हे कळत नव्हते असे नाही. पण त्याला नोकरी टिकवायची होती, आणि म्हसळ्याला त्याच्या घराचा स्लॅब अर्धवट पडला होता.

एके दिवशी बँकेचा फोन आला. कंपनीने याच टेकडीवर कर्ज काढले होते आणि त्याची मुदत वाढवायची होती, म्हणून गहाण वस्तू डोळ्यांनी पाहायला परवा अधिकारी येणार होत्या. नवा मॅनेजर स्वप्निल मुंबईहून येऊन दोनच महिने झाले होते. खड्डा देवाने केलेला असावा अशी त्याची समजूत होती.

“स्थिर मालमत्ता म्हणजे जी हलत नाही तीच ना?” त्याने विचारले.

“तसं नाही, सर. जी विकायला नाही, वापरायला ठेवलीय, ती स्थिर. डंपर दिवसभर पळतो, तरी स्थिरच. आणि विकायचा माल तो चालू, मग वर्षभर पडून का असेना.”

“मग टेकडी कशात?”

“टेकडी आपण स्थिर म्हणून लिहिली आणि चालू म्हणून विकली.”

स्वप्निलच्या तोंडचे पाणी पळाले. पण मॅनेजरच तो. लगेच सावरला आणि इतकी वर्षे सह्या कोणाच्या आहेत एवढेच त्याने विचारले. गणराजला अर्धा स्लॅब दिसू लागला.

भीतीपोटी माणसाला सुचते ते शहाणपणाने सुचत नाही. ऑफिसशेजारी बॉक्साइटचा प्रचंड ढीग रचलेला होता. दिघीला बोट लागली की तो जायचा होता. लांबून बघितले तर टेकडीच. आणि खोटी तरी कशी म्हणायची? माल तोच होता, फक्त जागा बदलली होती. अडचण एकच होती. बँकेच्या फायलीतल्या फोटोत टेकडीच्या माथ्यावर गावच्या बापदेवाची शिळा आणि भगवा झेंडा स्पष्ट दिसत होता. खणताना कंपनीने बापदेवाला सन्मानाने सायकल स्टँडमागे, पत्र्याखाली आणून बसवले होते आणि सहा महिन्यांत देऊळ बांधायचा शब्द दिला होता. ते सहा महिने अजून संपले नव्हते.

गणराज सरपंच सत्यवतीबाईंच्या ओटीवर गेला. त्या तांदूळ पाखडत होत्या.

“काकी, देव एका दिवसापुरता ढिगावर न्यायचाय.”

सूप थांबले नाही. “एका दिसापुरता? देव म्हंजी काय मांडवातली खुर्ची हाय व्हय रे?”

मग गणराजने सगळे खरे सांगून टाकले. सत्यवतीबाईंनी ऐकून घेतले, थोडा विचार केला आणि म्हणाल्या की देवाचे देवालाच विचारू. नामा गुरवाने शिळेवर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पाकळी हात काढायच्या आत पडली. बापदेव एवढ्या तत्परतेने कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ढोल-सनईचा खालू बाजा लावून गावाने देव ढिगावर चढवला. गणराजने ढिगात करवंदीची झुडपे खोचली. देखावा पुरा व्हावा म्हणून शेळ्या आणल्या, आणि शेळ्यांनी अधिकारी यायच्या आत निम्मी झुडपे फस्त केली.

बँकेच्या मृणाल मॅडम भाविक निघाल्या. पायथ्याशी चपला काढून चढू लागल्या. एक पाऊल वर टाकले की अर्धे खाली येत होते.

“टेकडी सुटी सुटी वाटते.”

“इकडची जमीन भुसभुशीत, मॅडम.”

“गावाचं नाव कातळपाडा ना?”

“नाव जुनं आहे.”

फोटोत उंच दिसते असेही त्या म्हणाल्या. पावसाने धुपली, असे गणराजने सांगितले. त्यांनी नारळ फोडला, ‘टेकडी प्रत्यक्ष पाहिली, देवस्थान जागृत’ असा शेरा मारला आणि जाता जाता ढिगात एक पाटी रोवली: ‘बँकेकडे गहाण. हलवू नये.’ कर्जाची मुदत वाढली. स्वप्निलने गणराजच्या पाठीवर थाप मारली.

दोन दिवसांनी दिघीला बोट लागली. पाटी उपटून झुडपात टाकता आली असती. देव मात्र विचारूनच उतरवायला हवा होता. नामाने पाकळ्या लावल्या. डावी पडली. पुन्हा लावल्या, पुन्हा डावी. दुपारपर्यंत फुलांची टोपली संपली. उजवी पाकळी त्या दिवशी पाण्याऐवजी चिकट पेजेने लावली होती असे म्हणणारे गावात आहेत, पण ते हसत हसत म्हणतात. धर्मा नावाच्या डंपरवाल्याने इंजिन बंद केले, खाली उतरून हात जोडले आणि घरी गेला. बाकीचे त्याच्या मागोमाग गेले. स्वप्निलने पनवेलहून दुसरे ड्रायव्हर मागवले. ते वर चढले आणि नवस बोलून परत गेले. बँकेकडे तक्रार करायची सोय नव्हती, कारण मग ही टेकडी नव्हे, हे स्वतःच सांगावे लागले असते.

बोट रिकामी गेली. मुंबईचा फोन आला, तेव्हा स्वप्निलने रिसीव्हर गणराजच्या हातात दिला. विकायचा माल गेलाच नाही, तर तो आता कोणत्या यादीत टाकायचा, असे तिकडचे साहेब ओरडून विचारत होते.

“आता तो विकायला नाही, साहेब. ठेवायला आहे,” गणराज शांतपणे म्हणाला. “नियमाप्रमाणे स्थिर.”

पुढच्या वर्षी बँक पुन्हा येणार आणि फायलीत देवस्थान जागृत लिहिलेले, तेव्हा देव उघड्यावर ठेवून चालणार नव्हते. कंपनीने मुकाट्याने देऊळ बांधले, वर पायऱ्याही केल्या. उद्घाटनाला सत्यवतीबाई नवे लुगडे नेसून आल्या आणि माथ्यावरून खाली बघत राहिल्या.

“आमची टेकडी नेलीत, तुमीच परत आणून ठेवलीत. ब्येस झालं. त्यो खड्डा कंच्या यादीत हाय?”

स्वप्निलने खड्डा कुठल्याच यादीत नसल्याचे सांगितले.

“मंग तुमचा न्हाय त्यो. आमी त्यात मासे सोडताव.”

मार्चअखेर गणराजने यादी काढली. ‘टेकडी, एक. जागेवर आहे.’ पेन घेऊन तो खिडकीपाशी गेला, देवळाचा झेंडा नीट बघून घेतला आणि सही केली.