तांबडीचे पाणी राखिले, त्याची हकीकत

श्रोतेजनांनी हातचे काम क्षणभर बाजूस ठेवून, सावध होऊन ऐकावे. राज्ये बुडतात ती फितुरीने, आणि इंजिने बुडतात ती पाण्यावाचून, हे थोरामोठ्यांस विदितच आहे. तर अखंडित-पानेपेचकस-अलंकृत राजमान्य राजश्री चष्मेवाले यांचे पदरी तांबडी नामे मोटरसायकल होती. तिचे पाणी कोणी चोरिले, चोर कैसा सापडला आणि घाट कैसा सर जाहला, ते जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे घालीत नाही.

चष्मेवाले मोठे कसबी. दिवसा काचा घासून अवघ्या गावास दृष्टी देत, आणि दुकान वाढवून घरी आले की जिन्याखाली तांबडीशी झोंबत. मूळचे इंजिन मर्जीस येईना म्हणून त्यात मोठा पिस्टन बसविला, आणि वजन घटावे म्हणून मागील चाकावरील आतले मडगार्ड बरतर्फ केले, आणि कूलंटची, म्हणजे इंजिन निववणाऱ्या पाण्याची, राखीव टाकी सीटखाली नेली, आणि मग मागील शॉकअप आखूड करून गाडी बुटकी केली. हे अखेरचे कृत्य का केले, ते मात्र कोणास कळू दिले नाही.

परंतु तांबडीस दृष्ट लागली. मागील खेपेस कुटुंबास घेऊन घाट चढता चढता उष्णतेचा काटा लाल रेघेस भिडला, आणि वाफेचा तोफखाना सुटला, आणि उभयतां पायउतार जाहली. चष्मेवाल्यांचे कुटुंब म्हणजे केशकर्तनालयाच्या खुद्द मालकीण. गावात त्यांस कातरबाई म्हणत. त्या उंच टाचांनिशी अर्धा घाट चालल्या. जाणत्यांनी काय ते समजावे.

पुढे घाटापलीकडे त्यांचे धाकटे बहिणीस कन्यारत्न जाहले, आणि फर्मान सुटले ते ऐसे: “रविवारी बाळ बघायला जायचंय. तोवर गाडी नीट झाली तर तुझ्यामागे बसेन, नाहीतर मी आपली बसने जाते. आणि मग त्या गाडीवर परत पाय ठेवायची नाही, सांगून ठेवते!”

चष्मेवाले त्याच रात्री पाने घेऊन जिन्याखाली बसले. तांबडी बांधिली ती दोघांनी हिंडावे म्हणून. मागील गादी ओस पडली, तर ते राज्य घेऊन काय करावे?

मग खासे सासरेबुवा कुमकेस धावले. बोलाविले नव्हते, तरी धावले. हयात बस हाकण्यात गेलेली, त्यामुळे इंजिनांविषयी त्यांचे मत पक्के असे. गाडीस हात न लाविता निवाडा दिला: “हेड गॅस्केट गेलंय. डोळे मिटून सांगतो.”

“पण बाबा, तेलात पाणी नाही. धूरही पांढरा येत नाही.”

“मोठा पिस्टन कोणी घातला? मी?”

जावई गॅरेजवाल्याकडे धावला. त्याजकडून गळती शोधण्याचा दाबाचा पंप मागून आणिला, आणि रेडिएटरच्या मुखी बसवून हवा भरली. उभयतांचा चहा होऊन गेला, परंतु पंपाचा काटा पहारेकऱ्यासारखा जागचा हलला नाही. रेडिएटर निर्दोष, नळ्या निर्दोष. तथापि वडिलांचा मान राखणे प्राप्त, म्हणोन इंजिनाचे शिर उतरविले. शिराखालची चकती, तेच गॅस्केट, पाहतात तो धडधाकट! सासरेबुवा गोरेमोरे जाहले, परंतु हटले नाहीत. “वरून बरं दिसतं, आतून गेलेलं असतं. माणसांसारखंच.”

मग नवे गॅस्केट घालून इंजिन बंद केले, आणि चष्मेवाले एकटेच गावाभोवती दौड मारून आले. इंजिन निवाल्यावर पाहतात तो राखीव टाकीतले पाणी भरतीच्या रेघेवर! आनंदीआनंद जाहला. दुसरे दिवशी कातरबाईंस मागे घेऊन बाजार करून आले, आणि इंजिन निवाल्यावर पाहतात तो पाणी दोन बोटे खाली. जमिनीवर मात्र टिपूस नाही.

तेव्हा चष्मेवाल्यांचे डोक्यात प्रकाश पडला. एकटे गेले की पाणी टिकते, कुटुंब बसले की आटते. ही बातमी हुजुरात कैसी घालावी?

“म्हणजे बघ हं,” ते चाचरत वदले, “मागे जरा भार आला, की...”

“भार म्हणजे कोण?”

सासरेबुवांस तत्क्षणी नळ उघडा राहिल्याची आठवण जाहली आणि ते निघोन गेले. कातरबाईंनी नवऱ्याकडे रोखून पाहिले, आणि मग पदर खोचिला.

“इतके दिवस एकटाच काय तपासत होतास? मी बसते. तू खाली झोप आणि बघ.”

त्या बसल्या आणि सीटवर उसळ्या घेऊ लागल्या. चष्मेवाले विजेरी घेऊन जमिनीवर आडवे जाहले, आणि “अजून जोरात!” ऐसे ओरडले. तो काय नवल! मागील चाक वर येऊन राखीव टाकीच्या नळीस घासले, नळीची चीर उघडली, आणि बाई उतरताच चिडीचूप मिटली. तापल्यावर जास्तीचे पाणी या नळीने टाकीत जाते आणि निवाल्यावर माघारी येते. परंतु वाटेत चीर ते लुटून धावत्या चाकावर उडवीत असे. दाबाच्या पंपाचा अंमल रेडिएटरच्या झाकणाच्या आतच, आणि ही नळी झाकणाबाहेरची, म्हणोन चोर मोकाट राहिला.

“पण चाक लागतंच कसं नळीला?”

“गाडी खाली केली ना मी. आणि मडगार्डही काढलं.”

“कशाला?”

चष्मेवाले गाडीखालूनच बोलिले, “तुला चढताना पाय वर घेता येत नव्हता.”

कातरबाई गाडीपाशी खाली वाकल्या. मग म्हणाल्या, “मला वाटलं, तुझी स्टाइल. वेडाच आहेस. उंची होती तेवढी कर. मी शिकेन चढायला.”

मग मूळचा शॉकअप बहाल केला, मडगार्डास माफी देऊन परत बोलाविले, आणि नवी नळी चाकापासून दूर, सांगाड्याच्या कडेने आवळून नेली. रविवारी स्वारी सिद्ध जाहली. कातरबाईंचा पहिला हल्ला फसला, दुसरा फसला, तिसऱ्यास वडिलांच्या खांद्यावर भार देऊन गादी काबीज केली. सासरेबुवा कण्हत वदले, “गॅस्केट नवं घातलंय, म्हणून चालेल!”

घाट लागला. काटा मध्यावर स्थिर. जेथे मागे पायउतार जाहले ते वळण येताच चष्मेवाल्यांचा हात नकळत सैल पडला. पाठीवर गुद्दा बसला. “थांबायचं नाही! चल!”

बहिणीच्या दारी पोहोचून बाळ पाहिले, चहा घेतला, तोवर इंजिन निवाले. चष्मेवाले उठावे की न उठावे या विचारात असता पाहतात तो कातरबाई भाचीस खांद्यावर घेऊन तांबडीपाशी उकिडव्या बसलेल्या.

“अहो, तांबडीचे मालक!” त्या ओरडल्या. “रेघेवर आहे! तसूभर हललं नाही!”

बाळ दचकून रडू लागले, बहीण धावत आली, आणि एकच गलका जाहला. तीच विजयाची नौबत समजावी. येणेप्रमाणे तांबडीचे पाणी राहिले आणि मागील गादी कायम जाहली. परतीस पुढे कोण बसणार, यावर उभयतांत तंटा चालू आहे. लिहिणारास त्यात पडणे नाही. सबब शाई वाळू देतो.