चंपालालशेठचं एकुलतं एक इंग्रजी

कोंबड्याच्या पुढे मऊ झाडूनं मुंग्या बाजूला सारत चाललेला जैन व्यापारी मी जालन्यात पहिल्यांदा पाहिला आणि हातातली ट्रंक पायावर आदळली. हे माझे घरमालक, चंपालालशेठ. यांच्या घरात कांदा-लसूण येत नाही आणि अंगणात हा भलामोठा तांबडा कोंबडा. त्याच्या चोचीनं जीवहत्या घडू नये म्हणून ही खटपट.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवायला आलो होतो, तर शेठनी पहिल्याच संध्याकाळी माझीच परीक्षा घेतली.

“मास्तर, कीप म्हंजे?”

“ठेवणे.”

“बस? गाय पाळली तरी कीप, दुकान चालवलं तरी कीप, शब्द पाळला तरी कीपच. बाकी इंग्रजी फालतू खर्चा हाये.”

मी चाटच पडलो. त्यांचं सगळं इंग्रजी एवढंच. शिकवलं शेजारच्या करीम मास्तरांनी. ते उर्दू शाळेत होते. दोघं रोज ओट्यावर गप्पा मारत. राज्य बदललं तसे ते मुलाकडे हैदराबादला गेले. जाताना लाडका कोंबडा शेठच्या अंगणात सोडून म्हणाले, “कीप.”

“हा शब्द आला कुठून?” शेठनी एकदा विचारलं. मी शाळेतला मोठा कोश काढला. मूळ अज्ञात, शेजारच्या भाषांतही खात्रीचा भाऊबंद नाही.

शेठ हळहळले. “म्हंजे बिचाऱ्याला सगंसोयरं कुणीच न्हाई.”

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा समाजाची मंडळी आली. “कोंबडा काढा, न्हाई तर आम्ही जेवायला येणार न्हाई.”

“अमानत हाये,” शेठ म्हणाले. “ज्यानं ठेवली, त्याच्याच हातात देणार.”

मुलीच्या लग्नापुढे कोंबडा?

लग्न तोंडावर आलं आणि हैदराबादहून आलेल्या व्यापाऱ्यानं सांगितलं, करीम मास्तर वारले. मला वाईट वाटलं. पण शेठ सुटले, असंही वाटलं.

“आता देऊन टाका कुणाला तरी,” मी म्हणालो.

मी काहीतरी अभद्र बोललो अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे पुसले.

“ज्याच्या हातात द्यायचा तोच गेला, मास्तर. मंग आता कुणाला देऊ?”

लग्नात निम्मी पंगत रिकामी राहिली. पाहुणे गेल्यावर शेठ ओट्यावर बसले. करीम मास्तरांच्या जागेवर कोंबडा येऊन बसला. शेठनी त्याला उठवलं नाही.