अप्पा हत्तीचा डबा

एका जंगलात, म्हणजे बहुधा जंगलातच, द्वारकाताई नावाची एक सायाळ राहत होती. सायाळ म्हणजे ती अंगावर काटे असलेली. तिला साळिंदरही म्हणतात. दोन्हींतला जास्त बरोबर शब्द कोणता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मुलांनो, गोष्ट त्यावर अडत नाही.

दर दिवाळीला सगळं जंगल द्वारकाताईकडे फराळाला येई. बिळाबाहेर तिची ऐसपैस ओसरी होती. तिथे अप्पा हत्ती आपली गोष्ट सांगे. तो एकदा लाकडी पुलावर अडकला होता, त्याची. सगळे पोट धरून हसत. त्या वेळी द्वारकाताई आत चकल्या तळत असे. तिला हसणं ऐकू येई. गोष्ट कधीच नाही.

"मला एकदा ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची आहे," ती सदानंद मुंगसाला म्हणाली. "बसून."

सदानंद मुंगूस काही काळ शहराच्या कडेला राहून आला होता. वडाखाली तो 'बिनकष्टाचा पाहुणचार' या विषयावर व्याख्यानं देई. त्याच्या घरी कोणी पाणी प्यायल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्याने सांगितलं, यजमानाने काहीच करायचं नसतं. ज्याने त्याने आपापला डबा आणायचा. यजमानाने फक्त हसतमुख राहायचं.

तसा निरोप गेला. दिवाळीला सगळे डबे घेऊन आले. सशिणीने शंकरपाळे आणले. माकडाने चिवडा आणला, पण त्याच्या डब्याचं झाकण कोणालाच उघडेना. अप्पा हत्तीनेही डबा आणला. हत्तीच्या घरातला डबा तो. दोन रानरेड्यांनी ढकलत ओसरीपर्यंत आणला. आत तळाशी चार करंज्या होत्या.

"घाईत हाच हाताशी लागला," अप्पा म्हणाला.

द्वारकाताई बसली. पाय लांब करून बसली. अप्पाने गोष्ट सुरू केली. पुलाची पहिली फळी करकरली आणि नेमकी तिची नजर त्या डब्यावर गेली.

आता त्या जंगलात एक रीत होती. आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही. तरसाच्या पणजीने एकदा दिला होता. त्या घरात अजून कोणी मुलगी देत नाही.

द्वारकाताईने मनात बेसनाचा हिशोब मांडला. मग तुपाचा. पुढची गोष्ट तिच्या कानात शिरलीच नाही. सगळे हसले. तीही हसली, जरा उशिरा.

निघताना अप्पा म्हणाला, "डब्याची घाई नाही हं, द्वारका. आणि त्यात काही घालत बसू नकोस."

"छे, काही नाही."

"म्हणजे आपलं थोडंसं. अगदीच रिकामा नको. आमच्या घरात बरं दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी चूल पेटली. बाकीचे डबे दुपारच्या आत भरून गेले. मग अप्पाच्या डब्याला शिडी लावली. द्वारकाताई आत उतरून लाडू रचू लागली. चुरमुऱ्यांनी डबा लवकर भरला असता, हे तिला सुचलं होतं. पण हत्तीच्या घरचे काय म्हणतील? शिवाय खालचा थर पायाखाली फुटे. तो पुन्हा वळावा लागे.

तुळशीचं लग्न झालं. संक्रांत आली. लाडू गुडघ्यापर्यंत आले. तिच्याच.

भाजलेल्या बेसनाचा वास जंगलभर पसरला. प्राणी रोज संध्याकाळी ओसरीवर जमू लागले. येताना कोणी काही आणत नसे, कारण या वेळी तसा निरोप नव्हता. शिडीजवळ लाडवांची परात असे, तिच्यात हात घालत. अप्पाही येई. तो आपल्याच डब्यात जायचे लाडू खाई आणि तूप जरा कमी पडल्याचं प्रेमाने सांगे.

सदानंद मुंगूस आता आपल्या श्रोत्यांना थेट ओसरीवरच आणू लागला. "बघा," तो म्हणे, "घर पाहुण्यांनी भरलंय. आणि यजमानीण कुठे राबताना दिसतेय का?"

खरंच कुठे दिसत नव्हती.

"ताई, बाहेर या की. जरा बसा," सशिणीने एकदा हाक मारली.

"आलेच," डब्यातून घुमणारा आवाज आला. "तुम्ही सुरू करा."

अप्पाने सुरू केलं. द्वारकाताईने पत्र्याला कान लावला. पत्र्यातून शब्द येत नव्हते, नुसती घरघर येत होती. मग हसण्याचा गडगडाट झाला.

आत तीही हसली. आता तिला वेळ बरोबर साधत होती.

तात्पर्य : मुलांनो, मी बरंच शोधलं, पण एवढंच सापडलं. सणाला कोणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. थोडंच न्यावं, पण डबा मोठा न्यावा.