मथळा दुरुस्त जाहला त्याचे वर्तमान

श्रीशाई प्रसन्न. आज्ञा केली की, जर्मन मुलखी नदीकाठचे नगरीत जे रोजचे वर्तमानपत्र होते, त्याची दौलत कैशी उभी राहिली आणि कैशी बुडाली ते साद्यंत लिहिणे. त्यास लिहितो, मन घट्ट करून ऐकावे.

शके अठराशे शहाऐंशी, वसंत ऋतू, ते समयी दैनिकाची स्थापना जाहली. बोटभर बातमी आणि हातभर मथळा, खून, लफडी, चेंडूचे सामने, सारे त्यात. शहाणे लोक चारचौघांत नाके मुरडीत आणि अंक कोटात दडवून घरी नेत. चौकाचौकांत पेट्या मांडिल्या, त्यांवर पहारा नाही, रयतेने नाणे टाकावे आणि अंक घ्यावा, इतका एकमेकांवर भरवसा. आणि मथळ्यांचा कारभार एगोनपंत मथळेनवीस यांजकडे; पंत तरुणपणी चाकरीस लागले ते तेथेच पिकले, जिभेचे तिखट, परंतु नगरीवर जीव ओवाळून टाकणारे. आता त्या नगरीत हिवाळा सरता मुखवट्यांचा उत्सव भरतो, आणि एकाने ‘ओलाहे’ म्हणावे, सामोऱ्याने उलट ‘ओलाहे’ म्हणावे, ही चाल. नदीच्या खालचे अंगास दुसरी नगरी, पिढीजात वैरी, तेथे म्हणतात ‘हिलाऊ’. हसाल तर हसा. परंतु आपल्या ग्रामदेवाचा जयकार कोणी शेजारगावच्या देवाचे नावे छापिला तर काय कराल, ते आधी सांगा.

पुढे दिवस फिरले. लोक हातातल्या फोनवर फुकट वाचू लागले, खप आटला, आणि धन्यांनी दौलत दूरच्या राजधानीतील एका बड्या छापखानदार सरकारास विकिली. मग सरकारांनी नगरीचे बातमीदार घरी बसविले, आणि पाने राजधानीतच सजून येऊ लागली, आणि एगोनपंत तेवढे नावाला राहिले. ऐशात उत्सवाचा सोमवार उजाडला, आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरी छापून आले, ‘हिलाऊ’. पंतांस कोणी दाखविले नव्हते. ते नित्याप्रमाणे रोसविथाबाईंच्या पावाच्या दुकानी कॉफीस गेले, तो बाईंनी अंकांचा गठ्ठा पुढे ढकलिला.

“पंत, हे तुम्ही लिहिलेत?”

“नाही, बाई.”

“मग तुम्ही तेथे बसता कशाला?”

पंत कॉफी तशीच ठेवून उठले, आणि राजधानीस विनंती केली की, एक ओळ क्षमेची छापावी. जबाब आला की, दोन्ही हर्षाच्याच आरोळ्या, भेद कसला, आणि चूक कबूल करणे सरकारास शोभत नाही. पंतांनी फिरून विनविले, फिरून नकार आला, आणि शेवटी, “पंत, आता पुरे करा,” ऐसे बजाविले. इकडे पेट्यांत अंक पडून राहू लागले. दौलत बुडावयाची ती बुडालीच असती, खोटे कशास लिहू. परंतु रयत रुसली ती यापायी, आणि पंतांच्या जिवाला लागले ते हेच.

उन्हाळ्यात हुकूम सुटला की, दैनिक बंद करावे. शेवटल्या अंकाचा मथळा पंतांवर सोपविला, आता काय लिहिता ते लिहा म्हणोन. घरी बसविलेले जुने सोबती म्हणाले, रयतेचे आभार मानावे. पंतांनी तीन अक्षरे घातली, पान भरून: ओलाहे.

“पंत, उत्सव केव्हाच सरला,” एकजण बोलिला.

“ठाऊक आहे. राहू दे.”

सकाळी लोक पेटीपाशी थांबत, मथळा पाहून खांदे उडवीत आणि पुढे जात. पंत अंक घेऊन दुकानी गेले. रोसविथाबाईंनी मथळा वाचिला, पिठाचे हात पुसले आणि नाणे काढिले.

“बाई, आज पैसे नकोत. हा अंक घ्या.”

“पेटीतून घेते. नेहमीसारखा.”

आणि बाई कोपऱ्यावर गेल्या, नाणे टाकिले, अंक काढिला, उराशी धरून परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “ओलाहे, पंत.” सामोऱ्याने तोच शब्द उलट म्हणावा ही रीत. पंतांच्या डोळ्यांस मात्र धार लागली. बाईंनी कॉफी ओतिली आणि त्यांजपाशी बसून राहिल्या.

येणेप्रमाणे दैनिकाची दौलत लयास गेली. चूक दुरुस्त जाहली, दुसरे दिवशी अंक निघाला नाही. पेट्या गाडीत घालून नेल्या. पंत अद्याप त्या दुकानी कॉफीस जातात आणि वाचावयास काही मागत नाहीत. इतकेच घडले, तितकेच लिहिले.