वसंतनानांचं संशोधन

वसंतनानांना कादंबरीसाठी शिव्या लागत, आणि त्या ताज्या लागत. रॉकेलच्या रांगेत ते मुद्दाम मध्ये घुसायचे. बाया तुटून पडल्या की हे मान कलती करून ऐकत उभे. एखादी दम घ्यायला थांबली तर म्हणत, "अक्का, थांबू नका. अजून येऊ द्या."

याला ते संशोधन म्हणत. वीज कार्यालयातून निवृत्त झालेला, इस्त्रीचा सदरा घालणारा माणूस. त्याच्यावर हात कोण उचलणार? बाजारात टोपलीतलं एकेक वांगं दाबून बघायचे आणि "हे भरताचं नाही" म्हणून परत ठेवायचे. भाजीवाली उखडली की खूश. वांगं मात्र एकही घ्यायचे नाहीत.

मेहरूणला आम्ही एकाच घरमालकाचे भाडेकरू, त्यामुळे मला हा ताप रोजचा. मनस्वी चीड यायची मला त्यांची. लिहायचंय ना, मग घरात बसून लिहा. लोकांची डोकी फिरवून कसली आलीय कादंबरी?

त्या मे महिन्यात तर त्यांनी हद्द केली. आईने गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. गहू भिजवा, चीक काढा, पहाटे उठून शिजवा, तेव्हा कुठे त्या होतात. नाना तारेवरचा टॉवेल घ्यायला आले आणि चपलांनिशी त्यांच्यावरून चालत गेले. चुकून नाही. त्याच वाटेने परतही आले, सावकाश.

"नाना, डोया फुटी गयात का तुमना?" आई कडाडली. "बठ्ठ्या कुरडया मोडी टाक्यात. लाज नही वाटस?"

नाना ऐकत उभे. माझं टाळकं सटकलं. मी त्यांचा दंड धरून त्यांना खाली त्यांच्या खोलीत आणलं.

"तुमच्या कादंबरीची होळी करीन मी."

"कर. खोटीच आहे ती," नाना म्हणाले, आणि एकदम भडकले. "माझी सुमन गेली तेव्हा तुम्ही सगळे येऊन काय म्हणालात? गरीब गाय होती, कधी आवाज चढवला नाही. अरे, जन्मभर झापलं तिनं मला. तुमचं ऐकून ऐकून कादंबरीतली सुमनही गोडच बोलायला लागली. ती माझी बायको नाही रे. खरी कशी भांडायची, तेच मला आठवत नाही. तुझी आई तिच्याच गावची. बोलण्याचा हेल तोच."

"मग आईला सरळ सांगायचं."

"सांगून कोणी तसं रागावतं का?"

मला राग गिळता येईना आणि काढताही येईना. आई दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, पण पारा उतरला नव्हता. तिने स्टोव्हवरचं रिकामं पातेलं पाहिलं, कोपऱ्यातली खरकटी भांडी पाहिली.

"हाई काय घर शे? सुमन नही म्हनीसन उपाशी मरतस का? उठा. हात धुवा."

टेबलावर कागद होते, पेन उघडं होतं. नानांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आमच्याशी कायम शहरी मराठी बोलणाऱ्या त्या माणसाने घरच्या बाईला द्यावं तसं उत्तर दिलं, "हां वं, उठनू ना." आणि मोरीपाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून, कितीतरी वेळ हात धूत राहिले.