बिराजदार सरांचे चिंचोके

आमच्या कॉलेजात डबा खाताना आमटीत चिंचोका सापडला, तर तो निमूट ताटाच्या कडेला ठेवायची सोय नाही. लगेच समोरून बिराजदार सरांचा तळहात पुढे येतो. "टाकू नका मॅडम, हितं द्या की." दिला की रुमालाला पुसून खिशात. नव्याने रुजू झालेल्या बाई पहिल्याच दिवशी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जातात. पुढे सवय होते.

सोलापुरातल्या या फार्मसी कॉलेजात मी आणि सर शेजारी शेजारी बसतो. चिंचोक्याच्या पिठाची खळ घोंगडीला लावतात, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सर त्याच चिंचोक्याचे नॅनोकण करतात, डोळ्यांनी दिसणारही नाहीत इतके बारीक. डोळ्यात औषध घातलं की बरंचसं पाण्याबरोबर गालावर येतं. चिंचोक्याचा चिकट कण ते औषध पोटात धरून डोळ्याला बिलगून बसेल आणि दिवसभर हळूहळू सोडत राहील, अशी सरांची कल्पना. ते ती तीन शब्दांत सांगतात, "थांबलं पाहिजे की!"

कण करताना शिजवलेल्या खळीत स्पिरिट थेंबाथेंबानं सोडायचं, खालून ढवळणं चालू. कुणी घाई केली की गुठळ्या. मग सर ओरडतात, "पिठलं करायलायस काय रे?"

औषध किती थांबतं ते पाहायला बोकडाचे डोळे लागतात. सर कांद्यालासुद्धा नाक मुरडणारे, पण खाटकाच्या दुकानात स्वतः जातात, भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. खाटीक दरवेळी विचारतो, "क्या सर, गोश्त नक्को, खाली आंखाँच होना?" दुकानातलं गिऱ्हाईक सरांकडे बघत राहतं.

एवढं 'थांबलं पाहिजे' म्हणणारा माणूस स्वतः मात्र कुठे थांबत नाही. दुपारी शेवटचा घास तोंडात असतानाच गाडीला किक. संध्याकाळी घंटा झाली की गायब. सरांचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे आम्ही बायकांनी मनातल्या मनात ते दोनदा लावून टाकलं होतं.

एका दुपारी त्यांची गाडी पंक्चर झाली. सर इतके कासावीस झाले, की मीच त्यांना माझ्या स्कूटरवर घेतलं. म्हटलं, वहिनी तरी बघू.

जुन्या गल्लीतल्या एका घराच्या उंबऱ्यावर सत्तरीपलीकडच्या बाई वाट बघत बसल्या होत्या. "बा तम्मा," त्यांनी कानडीत 'ये' म्हणून बोलावलं. पन्नाशीच्या सरांना तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ! या गौराक्का. शिकत असताना सर यांच्याच खोलीत भाड्यानं राहायचे. अक्कांची मुलं पुण्याला. त्यांना काचबिंदू, आणि हात असे थरथरतात की थेंब डोळ्यात कमी, कानात जास्त. म्हणून सर दिवसातून तीनदा येऊन दुकानातलं औषध त्यांच्या डोळ्यात घालतात.

"वर बघा, अक्का. मिटू नका." थेंब घालून सरांनी त्यांचा गाल पुसला. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी बडबडते. म्हटलं, "अक्का, सरांचं औषध तयार झालं ना, की दिवसातून एकदाच घालायचं! मग हा त्रास नाही."

"ठावं हाय मला," अक्का म्हणाल्या. "मंग ह्यो बी एकदाच येनार."

मी जीभ चावली. सर बाटलीचं टोपण उगाच फिरवत राहिले. मग म्हणाले, "औषध एकदा घालीन की, अक्का. पण मला चहा तीनदा लागतो."

अक्का उठल्या. चाचपडत आत गेल्या आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आल्या. डबाभर चिंचोके, धुतलेले, वाळवलेले. "दोन साल झालं साठवायलीया. दिलं न्हवतं तुला," त्या म्हणाल्या. "आता घे."

सरांचा तळहात नेहमीसारखा पुढे आला. पण डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

अक्कांनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं. कॉलेजात प्रॅक्टिकलची वेळ होत आली होती, सर सवयीनं उठायला लागले. मी स्कूटरची किल्ली पर्समध्ये टाकली.

"बसा हो सर," म्हटलं. "थांबलं पाहिजे की!"