कमलमावशीचा क्लच

गाडी काढण्याआधी कमलमावशी गल्लीभर दवंडी पिटते. "लेकरं आत घ्या, हळद सांभाळा, मी येऊन राहिले!" हंगामात आमच्या वसमतला दारोदार शिजवलेली हळद वाळत पडलेली असते. मावशीचा आवाज आला की बायका हातातलं काम टाकून ताडपत्र्या ओढायला धावतात.

मावशी माझी शेजारीण. तिला लायसन कसं मिळालं, हे गल्लीला आजवर न सुटलेलं कोडं. चौकात तिची गाडी हटकून बंद पडते. मागे ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवतात आणि ही खिडकीतून हात जोडते, "जयभीम भाऊ, जरा दम धरा. शिकून राहिले."

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मागच्या वर्षी अर्धांगवायूनं उजवी बाजू लुळी पडली, स्टेअरिंग सुटलं आणि माणूस गप्पच झाला. डॉक्टर म्हणतात, बोलत राहिले तर जीभ सुटेल. पण काका मानेनंच हो-नाही करतात.

गाडीत मात्र त्यांना राहवत नाही. एकदा मी मागे बसले होते. मावशीनं भलताच गिअर टाकला. खर्रर्र!

"क्ल... क्लच!" काका ओरडले.

"दाबला की!"

"ब्रेक... ब्रेक हाय तो!"

"मंग क्लच कोनता?"

"डावा! डावा पाय!"

मला हसू आवरेना.

परवा हिंगोलीत माझी बस चुकली. औषधं घेऊन परत निघालेल्या मावशीनं हाक मारली. एकटीच होती. मी जीव मुठीत धरून बसले. पण एकदाही झटका नाही. उसाची डबल ट्रॉलीसुद्धा तिनं अलगद मागे टाकली.

"मावशी, तुला तर झकास येतंय!"

"कवाच येतंय, पोरी."

"मग काका असल्यावर असं काहून?"

तिनं आवाज न करता गिअर बदलला. "एकदा नीट चालवून दाखवली. वाटलं, खुश होतील. हिंगोली आली तरी एक शब्द न्हाई. खिडकीबाहेर बघत बसले. लई वाईट वाटलं मला. दुसऱ्या दिवशी क्लच सोडला धाडकन."

माझे डोळे भरून आले.

"त्यांना सांगू नको बरं," मावशी म्हणाली. मग स्वतःशीच हसली. "काल लई चिडले. म्हनले, 'कमल, तुला या जन्मात गाडी येनार न्हाई.' सबंद बोलले, पोरी. एका दमात."